सेक्रेटरीनं मॅच बघायची नसते

फुटबॉलचे नियम एकूण 17. त्यांतला अकरावा, ऑफसाइडचा, जगात सर्वांत जास्त भांडणं लावतो असं म्हणतात. मला विचाराल तर खरा क्रूर नियम तिसरा. एखाद्या संघाकडं सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करायचा नाही, असं त्यात म्हटलंय. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. रेड कार्डं दाखवता दाखवता माणसंच संपली तर काय करायचं, अशी काहीतरी भारदस्त चिंता असावी. आमच्या मंडळात हा नियम रविवारी सकाळी पावणेसातला, मैदानाच्या कडेला उभं राहून बोटांवर मोजायचा असतो. "एक, दोन, तीन. गोलकीपर आला काय? चार. तू रे? तू आमचा का त्यांचा? त्यांचा? मग इकडं बसून आमची केळी कशाला खातोयस?"

मग फोन. लेफ्ट बॅकचा फोन त्याची आई उचलते.

"झोपलाय त्यो."

"मावशी, मॅच हाय. उठवा की जरा."

"रात्री दोनला आलाय. कुठं उलथला होतास म्हटलं तर म्हणाला, मॅचची मीटिंग होती. मीटिंग झाली न्हवं? मग आता मॅच कशाला पायजे? आणि मला येळ न्हाई, मी जोतिबाला निघालो."

स्ट्रायकर मात्र स्वतः फोन उचलतो. आवाजात प्रचंड आत्मविश्वास. "काका, बिंदू चौकात हाय. धा मिनटांत आलोच." मागून एसटीचा कंडक्टर ओरडत असतो, "निपाणीवाले पुढं या, निपाणी!" पोरगी बघायला निघालाय हे कळतं. तक्रार करता येत नाही, कारण जर्सीवर ज्यांचं नाव छापलंय त्यांनीच ते स्थळ आणलेलं असतं.

अशा वेळी पेठेत एक फेरी मारावी लागते. मी दूध आणायला निघालेली माणसं संघात घेतली आहेत. त्यातला एक तर इतका चांगला खेळला की दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं येऊन मला दुधाचा हिशेब विचारला.

हे सगळं कोल्हापुरात चालतं, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला पटत नाही. कोल्हापूर म्हटलं की त्याला कुस्ती, चप्पल आणि तांबडा-पांढरा एवढंच आठवतं. त्याचा दोष नाही. आमच्या संघांची नावं ऐकून कुणालाही वाटेल की हे लोक लाल मातीत उतरणार आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी घुमायला लागल्या. त्याच तालमींच्या पोरांनी पुढं फुटबॉलला लाथ घातली, आणि अंगात कुस्ती असल्यामुळं कधीकधी चेंडूच्या मागं उभ्या असलेल्या माणसालाही. उरलेल्या महाराष्ट्रात पोराच्या हातात बॅट देतात. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की आजोबा त्याच्या पायापुढं काहीतरी टाकून बघतात, उजव्यानं मारतंय का डाव्यानं. डाव्यानं मारलं तर पेढे.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमवर दुपारी जी गर्दी उसळते ती बघून बाहेरगावच्या माणसाला वाटतं आज शहराला सुट्टी आहे. सुट्टी नसते. दुपारनंतर शहरात अचानक बऱ्याच जणांच्या दाढा दुखायला लागलेल्या असतात आणि बऱ्याच जणांच्या मावश्या सिरियस असतात.

आमचं मंडळ त्या गर्दीतलं नव्हे. आम्ही खालच्या गटात. मंडळाचं नाव इथं लिहीत नाही, कारण ज्यांची वर्गणी बाकी आहे ते 'आमची बदनामी केली' म्हणत घरी येतील आणि तेवढ्यावरून पुढच्या वर्षीचीही बुडवतील. मोठ्या संघांत नायजेरियाचे खेळाडू असतात, गोव्याचे असतात. आमच्याकडं परदेशी खेळाडू म्हणजे इचलकरंजीचा. तोसुद्धा शेवटची बस चुकू नये म्हणून सामना संपायच्या आधी घड्याळाकडं बघायला लागतो, आणि लोकांना वाटतं पोरगं किती गंभीर आहे, वेळेचं भान ठेवून खेळतंय.

सेक्रेटरी कसा निवडतात, हा प्रश्न नवखे लोक विचारतात. फुटबॉलचं ज्ञान बघत नाहीत. ते पेठेत सगळ्यांनाच आहे, त्याला भाव नाही. बघतात ते दोन गुण: अक्षर बरं असावं आणि स्कूटरची डिकी मोठी असावी. माझं अक्षर तसं साधारणच. पण डिकीत मंडळाचं अख्खं ऑफिस मावतं. दोन चेंडू हवा काढून, पंप, स्प्रे, क्रेप बँडेज, पावतीपुस्तक, जर्सींची पिशवी, मंडळाचा गोल शिक्का आणि शाईचा पॅड. पॅडची शाई एकदा जर्सीवर सांडली. सहा नंबरच्या खेळाडूच्या पाठीवर वर्षभर एक जांभळा ढग होता, आणि समोरच्या संघाला वाटायचं हे आमचं बोधचिन्ह.

डिकीत नसते ती फक्त हवा भरायची पिन. जगात ब्लॅडर, पंप, चेंडू हे सगळं टिकतं, पिन टिकत नाही. ती दर सामन्याच्या आधी अर्धा तास हरवते. मी ती शर्टाच्या खिशात ठेवून पाहिली, देव्हाऱ्यात ठेवून पाहिली. सौभाग्यवतींनी ती संकष्टीला बाप्पाची वस्तू समजून कुंकू लावून ठेवली, तेव्हा एक सामना पिनेविना झाला. समोरच्या संघाची पिन मागायला गेलो तर त्यांचा सेक्रेटरी म्हणाला, "आमचीबी हरवलीया. तुमचीच मागायला निघालो होतो." आम्ही दोघं सायकलच्या दुकानाचं कुलूप उघडायची वाट बघत शेजारी उभे राहिलो. फुटबॉल माणसं जोडतो म्हणतात ते असं.

चेंडूचं वजन सामन्याच्या सुरुवातीला 410 ते 450 ग्रॅम असावं असा नियम आहे. सुरुवातीला, हा शब्द नियमातला आहे. मध्ये आणि शेवटी किती असावं याबद्दल नियम गप्प आहे. आमच्या मैदानाची कीर्ती तिथवर पोचलेली दिसते. पेठेचं मैदान खोलगट. पाऊस पडला की आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांचं पाणी, आणि पाण्याबरोबर गल्ल्यांची जी काय संपत्ती असेल ती, आमच्या पेनल्टी एरियात मुक्कामाला येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मंडळानंही आपल्या पातळ्या ठरवल्या आहेत. पाणी घोट्यापर्यंत असेल तर सराव चालू. पिंढरीपर्यंत आलं तर इशारा, म्हणजे फक्त उंच पोरांचा सराव. गुडघ्यापर्यंत आलं तर धोका, आणि त्या दिवशी चेंडू ज्याच्या दारात थांबेल त्यानं तो आणून द्यायचा. अशा मैदानात अर्धा तास लोळलेला चेंडू डोक्यावर घ्यायला कुणी पुढं येत नाही. कॉर्नर आला की आमचे सगळे बचावपटू एकदम सभ्य होतात. "घे की तू." "न्हाई, तू घे."

पावसाळा संपला की मैदान वाळतं आणि मग ते आमचं राहत नाही. पहाटे फिरायला येणारे आजोबा मैदानाला उलटे फेरे घालतात, कारण उलटं चाललं की गुडघे सुधारतात असं मोबाईलवर आलेलं असतं. त्यांना मागचं दिसत नाही आणि आमच्या विंगरला पुढचं. साडेसातनंतर टेनिस बॉलवाले येतात, एकाच वेळी चार-पाच सामने, प्रत्येकाचा डीप मिडविकेट आमच्या सेंटर सर्कलमध्ये. एका कोपऱ्यात कुणाची तरी वहिनी स्कूटर शिकत असते आणि दादा मागून ओरडत पळत असतात. लग्नसराईत मांडववाले खड्डे खणतात, ते बुजवायचं काम लग्नाच्या करारात नसतं. आमच्या राइट बॅकला अजून कळलेलं नाही की त्याचा घोटा कुणाच्या लग्नात गेला.

गोलपोस्टची गोष्ट वेगळी. रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44 मीटर, हे माप मैदानाशेजारच्या बायकांना आमच्यापेक्षा आधी समजलं, कारण वाकळा वाळत घालायला यापेक्षा सोयीचा आडवा बार शहरात दुसरा नाही. एकदा सरावाच्या मॅचला आमच्या पोरानं फ्री किक अशी मारली की चेंडू सरळ वरच्या कोपऱ्यात गेला असता. गेला तो एका भिजलेल्या वाकळेत, आणि धप्पकन खाली पडून बाहेर आला. गोल का नाही? एक पक्ष म्हणाला, वाकळ रेषेच्या आत होती. दुसरा म्हणाला, रेषेवर होती. नियमात 'बाहेरची वस्तू मैदानात आली तर' म्हणून तरतूद आहे, ती मी वाचून दाखवली. तोवर वाकळेची मालकीण आली. "बाहेरची वस्तू? चाळीस वर्सं हितं वाळत घालतोय मी. बाहेरचं तुमी!" गोल रद्द झाला. त्या दिवसापासून घरचा सामना असला की आदल्या संध्याकाळी मी चार घरी जाऊन वाकळांची परवानगी काढतो. महापालिकेची परवानगी त्यामानानं सोपी, तिथं निदान चिखलाच्या डागांची चौकशी होत नाही.

पैशाचं सांगतो. मंडळ एक, तिजोरी एक आणि देव दोन. गणपती आणि फुटबॉल. दोघांची सत्त्वपरीक्षा जुलैच्या मीटिंगमध्ये होते. विषय क्रमांक एक, डॉल्बी. विषय क्रमांक दोन, गोलचं नेट आणि गोलकीपरचे ग्लोव्हज. पहिल्या विषयावर हॉलमध्ये जागा नसते. दुसऱ्या विषयाला मी, अध्यक्ष आणि गोलकीपर उरतो, आणि गोलकीपरही डोळा लागल्यामुळं. पारंपरिक वाद्यं लावू म्हटलं की वाचलेल्या पैशांत नेट येईल, असा हिशेब मी एकदा मांडला होता. त्यावर एका कार्यकर्त्यानं विचारलं, "नेटला आवाज किती हाय?"

मग आधार उरतो तो इच्छुकांचा. निवडणूक जवळ आली की पेठेतल्या दर तिसऱ्या घरात एक 'भावी नगरसेवक' जन्माला येतो आणि त्याला तरुणांच्या आरोग्याची काळजी वाटायला लागते. त्या वर्षी आमच्याकडं जर्सींचे तीन-तीन सेट असतात. पुढं इच्छुकाचा हसरा फोटो, पाठीवर नंबर, नंबराखाली 'आपलाच माणूस'. धुतल्यावर फोटो उडतो आणि फक्त हसू उरतं. तो काळ मंडळाचा सुवर्णकाळ. पण 2020 च्या नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं निवडणूकच लागली नाही. प्रशासक आले. प्रशासकाला मतं लागत नाहीत, त्यामुळं त्याला जर्सी वाटायचा प्रश्न नाही. लोकशाही अडचणीत आल्यावर देशात कुणाचं काय नुकसान होतं यावर मोठमोठे लोक लिहितात. आमचं झालं ते असं: पाच हंगाम आम्ही त्याच हसूवर खेळलो. 2026 च्या जानेवारीत एकदाचं मतदान झालं. आमच्यासाठी ते जरा लवकरच उरकलं. दोन इच्छुकांनी कबूल केलेले मोजे शिवायला टाकले होते, निकाल लागल्यावर ते आणायला कुणी गेलंच नाही.

पेठेत पैसा नाही असं मात्र कुणी समजू नये. तो असतो, तो चार वर्षांतून एकदा बाहेर येतो. वर्ल्ड कप लागला की ज्या गल्लीत मला शंभराची पावती फाडायला तीन चकरा माराव्या लागतात, त्याच गल्लीत मेस्सीच्या कटआउटला संध्याकाळच्या चहात वर्गणी गोळा होते. तो लांब परदेशात बसलेला, त्याला पावती द्यायची नाही, हिशेब विचारायला तो यायचा नाही. समोरची गल्ली ब्राझीलची. मग नेमारचं कटआउट दोन फूट उंच. मग मेस्सीला मुकुट. मग नेमारला लाइटिंग. मधल्या बोळात जर्मनीवाले दोनच भाऊ आहेत, त्यांनी आपल्या गच्चीवर स्वखर्चानं झेंडा लावला आणि जर्मनी पहिल्या फेरीत घरी गेल्यावर आईनं त्याची उशीची खोळ शिवली. 18 डिसेंबर 2022 ची ती फायनल, तीन-तीन बरोबरी, पेनल्टीवर अर्जेंटिना चार-दोन. त्या रात्री आमच्या चौकात जे फटाके फुटले त्यात दोन्ही गोलची नेटं नवी आली असती. मी हे तिथंच एकाला बोललो. त्यानं गुलालानं भरलेल्या हातांनी माझे खांदे धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, आज तरी मंडळाचा विषय काढू नका."

हाच माणूस एरवी संघाचा प्रशिक्षक असतो. म्हणजे नेमलेला नव्हे. नेमलेला प्रशिक्षक बिचारा एक आहे, बँकेत नोकरी करून येतो, त्याच्याकडं परवान्याचं प्रमाणपत्र आहे आणि त्याचं कुणी ऐकत नाही. खरे प्रशिक्षक कट्ट्यावर बसतात. त्यांत एक तात्या आहेत. तात्या लेसच्या चेंडूच्या काळातले. लेस कपाळाला लागून आलेली खूण ते अजून दाखवतात, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. त्यांच्या मते आमचा संघ हरतो कारण पोरं बूट घालतात. शेजारचे आण्णा टीव्हीवर युरोप बघतात, त्यांच्या मते आम्ही हरतो कारण आमचा गोलकीपर पायानं खेळत नाही. गोलकीपर हातानं खेळायला लागला तरी आम्हाला चालेल, हे मी आण्णांना नम्रपणे सांगून पाहिलं.

पोरगं जखमी झालं तर कट्ट्याचं वैद्यकीय मंडळ होतं. गुडघा धरून पोरगं ओरडतंय आणि भोवती निदान चाललंय. "लिगामेंट गेलं." "लिगामेंट न्हवं, शीर सरकलीया." "बर्फ लावा." "बर्फ नको, आंबेहळद." डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, आई म्हणते हाडवैद्याकडं न्या, आणि पोराची नजर माझ्याकडं, कारण दोन्हीकडं न्यायला डिकीवाली स्कूटर एकच. आमची पद्धत अशी की सकाळी हाडवैद्य, दुपारी डॉक्टर. पाय बरा झाला की श्रेय हाडवैद्याला आणि बिल मंडळाला.

नोंदणीचं काम कुणाला दिसत नाही. आता सगळं ऑनलाइन, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस प्रणालीत. फोटो, जन्मदाखला, आधार. माझ्याकडं एका मिडफिल्डरचं वय तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे आणि चेहऱ्यावर चौथं. मोबाईलवर ओटीपी येतो, पण पोराचं रिचार्ज संपलेलं. रिचार्ज मारलं तर नंबर मामाच्या नावावर. मामा गगनबावड्याला, तिथं रेंज नाही. शेवटच्या तारखेच्या रात्री मी मामांशी बोललो. ते म्हणाले, "ओटीपी कुणाला सांगू नये म्हणून बँकेनं बजावलंय." पेठेत आजवर कुणी न पाळलेला नियम मामांनी त्या रात्री पाळला.

एवढं करून तयार केलेलं पोरगं जरा चमकलं की मोठं मंडळ त्याला घेऊन जातं. त्याचं मला वाईट वाटत नाही, ते तिथं गेलंच पाहिजे. गंमत वाटते ती पेठेची. आमच्याकडं असताना त्याला चेंडू दिसला की कट्ट्यावरून आवाज यायचा, "सोड रे, सोड, दगड मेला!" दुसरीकडं गेला त्या संध्याकाळपासून तोच "आपला वाघ" झाला आणि वाघ सोडला म्हणून मीटिंगमध्ये माझ्यावर ठपका आला.

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात मी मॅच कधी बघतो? बघत नाही. सामना सुरू झाला की कुणीतरी शिनगार्ड विसरलेला असतो. ते आणेपर्यंत पंधरा मिनिटं. मग पंचांचं मानधन सुटं करायला चौकात. आमचे पंच बहुतेक शाळेत पीटीचे मास्तर. अर्धा संघ त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळं पोरं सवयीनं "सर, सर" करत वाद घालतात आणि ते सवयीनं त्यांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगायच्या बेतात असतात. मग बर्फ. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणायचा, तो वितळायच्या आत. मी परत येतो तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. कुणी मारला, कसा मारला, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर सेक्रेटरीला फुटबॉलमध्ये रस नाही अशी बातमी होते.

पण त्यामुळं माझा कान तयार झालाय. शाहू स्टेडियमच्या बाहेर, गेटपाशी उभं राहून मी आतला सामना सांगू शकतो. गोल झाला की आवाज खालून वर जातो आणि वरच राहतो, शिट्ट्या नंतर येतात. बारला लागून गेला तर आवाज वर जातो आणि मध्येच तुटतो, पाठोपाठ हजारो लोकांचं एक लांबलचक "आर्रर्रर्र". पेनल्टी मिळाली तर आधी शिव्या आणि मग जयघोष. नाकारली तर नुसत्या शिव्या, पण त्यांत पंचांच्या घरातल्या व्यक्तींचा क्रम लागतो, आणि त्या क्रमावरून अंदाज येतो की पेनल्टी खरी होती की मागितलेली. एकदम सगळं शांत झालं तर समजायचं कुणीतरी उठत नाहीये. आणि एक आवाज असतो, कुजबुज वाढत वाढत पळत्या पायांत जाणारा. तो आला की गेटपासून लांब व्हायचं, कारण आता पुढची दहा मिनिटं फुटबॉल गॅलरीत खेळला जाणार असतो आणि पोलिसांना जो पहिला शांत उभा दिसेल तो त्यांच्या मते सूत्रधार. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर असली की शहरातले अनुभवी लोक लग्नाच्या बोलण्यासुद्धा त्या आठवड्यात ठेवत नाहीत.

संध्याकाळची बारकी पोरं हा एकच भाग असा आहे की जिथं मी चक्क खुर्ची टाकून बसतो. 2017 साली 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून त्यांची संख्या वाढलीय. त्याआधी आया पोराचा कान धरून मैदानावरून न्यायच्या. आता त्याच कानाला धरून आणून सोडतात. "ह्याला अनिकेत करा." मी म्हणतो, करू, वेळ लागतो. "किती? दहावीच्या आत व्हायला पायजे, मग क्लास सुरू हुत्यात." या दहावीनं आमचे जेवढे मिडफिल्डर अडवले तेवढे समोरच्या कुठल्या संघानं अडवले नाहीत. मार्चमध्ये तिची परीक्षा होते आणि जूनमध्ये परत येणारं पोरगं चार इंच वाढलेलं, आवाज फुटलेलं आणि डाव्या पायाचं सगळं विसरलेलं असतं. तरी पाच-सहाजण असे असतात की क्लासचं दप्तर गोलपोस्टला टेकवून, बुटाची नाडी न बांधता सुटतात. त्यांचा खेळ बघताना मी फोन बंद ठेवतो. तेव्हा नेमका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेलेला असतो.

वार्षिक सभेत मी दरसाल राजीनामा देतो. तो छापील आहे, फक्त सालाच्या जागी रिकामी रेघ सोडली आहे. सभेत तो वाचला जातो, "सेक्रेटरींनी मंडळासाठी जे केलं त्याला तोड नाही" असं अध्यक्ष म्हणतात, टाळ्या होतात आणि पुढचा विषय सुरू होतो. यंदा मात्र एक पोरगा उठून उभा राहिला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हातात टॅब. "मी बघतो सेक्रेटरीचं काम." सभा गार. त्यानं टॅब फिरवून दाखवला. मंडळाचा नवा लोगो, इन्स्टाग्रामचं पान, ड्रोननं शूटिंग, प्रायोजकांसाठी प्रेझेंटेशन. खरं सांगतो, पोरगा हुशार होता आणि लोगोतला वाघ खरोखर वाघासारखा दिसत होता. मी तिथल्या तिथं स्कूटरपाशी गेलो आणि डिकी रिकामी केली. पंप दिला, शिक्का दिला, पॅड जपून दिला. पिन शोधावी लागेल म्हणालो. शेवटी वर्गणीची वही ठेवली. "आधी हे वसूल कर. मग ड्रोन."

त्यानं बाकीदारांचं पान उघडलं. पहिलंच नाव त्याच्या वडिलांचं. दुसरं मोठ्या काकांचं. तिसरं ज्यांच्या घरी त्याचं येणंजाणं जरा जास्त आहे त्या घरातल्या कर्त्या माणसाचं, आणि तीन वर्षांची बाकी.

त्यानं वही मिटली, वर पंप ठेवला, त्यावर शिक्का ठेवला आणि सगळं माझ्याकडं सरकवलं.

"काका, एवढं साल तुमीच बघा की."